‘घरात घडलं ते सांगायचं’ म्हणणाऱ्यांना

अमेरिकन विनोदवीर रे रोमानोवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय : “साठी उलटली की म्हातारपण आणि पोरं एवढेच विषय उरतात. घरात घडलं ते माइकवर सांगायचं, यात कसली आलीय कला? दोन क्लबांचा देखावा आणि टाळ्या वाजवायला आंधळे भक्त.” मत वेगळं असू द्या, पण ही भाषा कशासाठी? लेखात मी कुणाला दुखावलं नव्हतं.

एक चूक मान्य. त्याचा २०१९चा नेटफ्लिक्सवरचा स्टँडअप कार्यक्रम आधीच्या अशा कार्यक्रमानंतर २५ नव्हे, २३ वर्षांनी आला. दुरुस्ती केली आहे.

आता ‘घरात घडलं ते’. पंधरा वर्षं स्टँडअपच्या संहिता तपासतोय, त्यामुळे हे वाक्य सोडून देणं मला जमणार नाही. घरातली गोष्ट जशीच्या तशी सांगा : तीन मिनिटं जातात आणि हशा एक येतो. स्टेजवर मिनिटाला निदान चार लागतात. म्हणून सेटअप, म्हणजे विनोदाची पार्श्वभूमी, दोन वाक्यांत आटपायचा, हसवणारा शब्द वाक्याच्या अगदी शेवटी ठेवायचा, मग त्यावर दोन-तीन छोटे टॅग, म्हणजे त्याच विनोदाला जोडलेल्या हसवणाऱ्या ओळी. पंचनंतर, म्हणजे त्या हसवणाऱ्या शब्दानंतर, एक शब्द खुलाशाचा आला की हशा तिथेच मरतो.

वयाचे विनोद याहून अवघड. आजाराचं नाव म्हणजे विनोद नव्हे. ‘रात्री लघवीला उठावं लागतं’ यावर कोण हसणार? ‘रात्री चारदा उठतो. आधी कुत्रा सोबत यायचा, आता मानही वर करत नाही.’ (उदाहरण माझं, रोमानोचं नाही.) इथे आकडा आहे, साक्षीदार आहे आणि बोलणाऱ्याचा मान उतरलाय. तो उतरावाच लागतो. साठीतला श्रीमंत, प्रसिद्ध माणूस पोरांच्या तक्रारी सांगू लागला की तरुण प्रेक्षकाला स्वतःचा बापच बोलतोय असं वाटतं आणि खोली थंड पडते. तेव्हा विनोदाचा रोख मुलावरून बापाकडे वळवायचा. त्यात मुलं मोठी होतात. १९९६ मध्ये रोमानोची ‘एव्हरीबडी लव्हज रेमंड’ ही विनोदी मालिका सुरू झाली तेव्हा त्याची जुळी मुलं अगदी लहान होती, २०१९ मध्ये ती पंचविशीत. दुपट्यांचे विनोद बाद, सगळं नव्याने लिहायचं.

‘देखाव्या’बद्दल थोडक्यात. तो २०१९चा कार्यक्रम त्याने न्यूयॉर्कमधल्या दोन क्लबांत केला : कॉमेडी सेलर आणि वळणावरचा व्हिलेज अंडरग्राउंड, एकाच रात्री, प्रेक्षकांना आधी न सांगता. असल्या लहान खोलीत शांतताही ऐकू येते. पहिल्या क्लबातल्या प्रयोगात पडलेला विनोद दुरुस्त करायला हातात काय, तर रस्ता चालून जायचा वेळ.

बाकीच्या मुद्द्यांत उत्तर देण्यासारखं काही नाही. ‘आंधळे भक्त’ मात्र मागे घ्या. इथे लिहिणारे बाकीचे वाचकही तो शब्द वाचतात.