नळ वजनावर घेऊ नका: एका फिरत्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

'वॉश बेसिनचा नळ कसा निवडावा, हे दुकानदार तुम्हाला सांगणार नाही.' अशी सुरुवात असलेला एक मेसेज बरेच महिने फिरतो आहे. त्यात पुढे सहा सल्ले आहेत. नळ हातात घ्या, जड तो अस्सल पितळेचा. चुंबक लावा, चिकटलं नाही तर खात्री झाली. पितळेतून आलेलं पाणी तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यासारखं गुणकारी असतं. सिरॅमिक डिस्कचा नळ जन्मात गळत नाही. तोंडाची जाळी पाणी अडवते, ती काढून फेका. आणि बसवायला प्लंबर कशाला, टेफ्लॉन टेपचे भरपूर वेढे द्या आणि पान्याने करकचून आवळा.

मी वीस वर्षं सॅनिटरीच्या दुकानात काउंटरमागे उभा आहे. हल्ली गिऱ्हाईक दुकानात येतं ते हा मेसेज उघडूनच. गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षिका आल्या. दुसऱ्या एका दुकानातून, तळहातावर तोलून घेतलेला नळ पिशवीत होता. आठ महिन्यांत बुडाशी चकाकीला फोड आले होते, पापुद्रे निघत होते आणि मानेजवळ बारीक चीर गेली होती. बाई म्हणाल्या, "पण चांगला जड होता हो." त्यांचे पैसे गेले ते गेलेच. तेव्हाच ठरवलं की या मेसेजचा एकेक सल्ला घेऊन उत्तर लिहायचं.

पहिला सल्ला वजनाचा. बाजारात बिनपितळी नळ येतात त्यांतले बरेच जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेले असतात. पितळेची घनता साधारण ८.५ आणि या मिश्रधातूची साधारण ६.७. म्हणजे एकाच आकाराचे आणि एकाच जाडीचे दोन नळ घेतले, तर जस्ताचा नळ जेमतेम पाचव्या हिश्श्याने हलका भरेल. एवढा फरक हाताला कळत नाही. शिवाय ओतताना भिंत थोडी जाड ठेवली की जस्ताचा नळ पितळेच्या नळापेक्षा जडच लागतो. बाईंच्या नळाची चीर गेलेली मान कानशीने घासून पाहिली तेव्हा आतून करडी-पांढरी निघाली. जस्तच होतं. सतत ओल आणि क्षाराचं पाणी मिळालं की ते आतून खाल्लं जायला लागतं, आणि वरची चकाकी फोडासारखी उचलली जाते.

मग ओळखायचं कसं? नळ उलटा करा. बेसिनच्या भोकातून खाली उतरणाऱ्या दांड्याचे आटे पाहा, आणि कनेक्शन पाइप जिथे लागतो तिथे आत डोकवा. तिथे प्लेटिंग सहसा नीट पोचलेलं नसतं. पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर सोडून द्या. फक्त एवढं लक्षात घ्या की मूठ म्हणजे हँडल चांगल्या नळांतही पुष्कळदा जस्ताचंच असतं. तिथून पाणी जात नाही, त्यामुळे त्यावरून भांडू नका. आणि ऐपत नसेल तर लाजायचं काही कारण नाही. पीटीएमटी नावाच्या प्लास्टिकचे नळ मिळतात, त्यांना आयएस ९७६३ हे भारतीय मानकही आहे. सोनेरी मुलाम्याच्या जस्तापेक्षा असा सरळ प्लास्टिकचा नळ मी केव्हाही आनंदाने देईन.

चुंबकाचा सल्ला दोन वाक्यांत निकालात निघतो. पितळेला चुंबक चिकटत नाही, तसं जस्ताला, ॲल्युमिनियमला, प्लास्टिकला आणि ३०४ ग्रेडच्या स्टीललाही चिकटत नाही. चुंबकाने कळलंच तर एवढंच कळतं की नळ लोखंडाचा नाही.

तिसऱ्या सल्ल्यावर मात्र मला सावकाश बोलायचं आहे, कारण तो आरोग्याच्या नावाने लोकांच्या गळी उतरवला जातो. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात पितळेची भांडी होती आणि कल्हईवाला आला की सगळी पातेली ओट्यावरून अंगणात जायची. कल्हई उडालेल्या पितळेत ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली तर ती कळकते, हे त्या पिढीतल्या कुणालाही सांगावं लागत नव्हतं. नळाला चकाकी असते ती बाहेरून. आतून कल्हई नसते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, हे शाळेत शिकलो. पण लेथवर आटे स्वच्छ कापले जावेत म्हणून त्यात शिसंही घालतात, आणि नेहमीच्या कापकामाच्या पितळेत ते २ ते ३ टक्के असतं. रात्रभर नळात थांबलेल्या पाण्यात यातलं थोडं उतरू शकतं. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या आयएस १०५०० मानकात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे. अमेरिकेत तर जानेवारी २०१४ पासून पिण्याच्या पाण्याच्या नळात पाण्याला लागणाऱ्या भागांत सरासरी ०.२५ टक्क्यांपेक्षा जास्त शिसं चालत नाही.

याचा अर्थ पितळेचा नळ टाकून द्या असा नाही. मी स्वतः पितळेचाच वापरतो. बेसिनवर आपण तोंड धुतो, चूळ भरतो, तिथे सकाळचं पहिलं पाणी थोडा वेळ मगात धरून फरशीला वापरलं की पुरे. पण 'गुणकारी' म्हणून रात्रभर नळात थांबलेलं पाणी कुणी मुद्दाम पीत असेल, बाळाच्या दुधात घालत असेल, तर कृपा करून थांबवा.

चौथा सल्ला, सिरॅमिक डिस्क. वस्तू खरोखर उत्तम आहे. दोन अतिशय कठीण, आरशासारख्या गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात, पाव वळणात नळ उघडतो आणि पाव वळणात बंद होतो. हिचा सर्वात मोठा शत्रू म्हणजे रेतीचा कण. नव्या बांधकामात पाइपात सिमेंटचा चुरा असतो, टाकीच्या तळाशी गाळ असतो. तो कण दोन चकत्यांमध्ये अडकला की रेघ उठते आणि नळ ठिबकायला लागतो. घरोघरी मग एकच उपाय होतो, मूठ आणखी जोरात फिरवणं. त्याने काही साधत नाही, उलट चकती फुटते. सेकंदाला एक थेंब आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर असा हिशेब धरला, तरी दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर पाणी जातं.

इथे पाणी कुठलं हा प्रश्न येतो, आणि मेसेजमध्ये तो कुठेच नाही. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पाणी येतं, ते मऊ असतं. मराठवाड्यात किंवा अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात बोअरवर चालणाऱ्या घरात तोच नळ वेगळा वागतो. आपल्या राज्याचा बहुतेक भाग बेसॉल्ट खडकावर बसलेला आहे आणि त्यातून वर येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ ठिकाणी भरपूर असतात. आयएस १०५०० मध्ये पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालेल असं म्हटलं आहे. सहाशेच्या आसपासचं पाणी असेल तर चकत्यांवर थर बसणारच. म्हणून सिरॅमिकचा नळ घेताना मी एक प्रश्न विचारायला सांगतो: याचं कार्ट्रिज, म्हणजे चकत्या बसवलेला आतला गाभा, सुटं मिळतं का? मिळत असेल तर आत्ताच एक दाखवा. त्याच्या ज्या दांड्यावर मूठ बसते, त्या दांड्याच्या दात्यांची संख्या कंपनीगणिक बदलते, आणि पाच वर्षांनी जुळणारं कार्ट्रिज शोधत गावभर फिरावं लागतं. गढूळ किंवा फार क्षाराच्या पाण्यासाठी जुन्या पद्धतीचा रबरी वॉशरचा पिलर कॉक, म्हणजे बेसिनवर उभा बसणारा साधा नळ, अजूनही माझ्या मते जास्त शहाणपणाचा आहे. वॉशर काही रुपयांत येतो आणि घरचं माणूसही तो बदलू शकतं.

क्षार काढायला ॲसिड मात्र वापरू नका. वरचा क्रोमचा थर मायक्रॉनच्याही अंशात मोजण्याइतका पातळ असतो, खरं संरक्षण त्याखालचं निकेल करतं, आणि ॲसिड या दोघांनाही खातं. पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर फडक्याने पाच मिनिटं लावा आणि धुऊन टाका.

आता जाळी. ही जाळी पाण्यात हवा मिसळते, त्यामुळे धार मऊ पडते, अंगावर उडत नाही आणि कमी पाण्यात हात धुतले जातात. काढली की शर्टाचा पुढचा भाग भिजतो, दुसरं काही मिळत नाही. पाणी कमी येतं ही तक्रार खोटी नसते, पण कारण बहुतेक वेळा वर गच्चीवर असतं. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. सर्वात वरच्या मजल्यावर नळापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत उंची असते साडेतीन-चार मीटर, म्हणजे दाब ०.४ बारही धड नाही. त्याच इमारतीत सहा मजले खाली दोन बारच्या वर जातो. पुष्कळ परदेशी मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र सोडणारे नळ, निदान अर्धा ते एक बार दाब धरून बनवलेले असतात. तो मिक्सर वरच्या मजल्यावर बसवून जाळीला दोष देणं अन्याय आहे. नळ घेण्याआधी एक लिटरची बाटली जुन्या नळाखाली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. दहा सेकंद म्हणजे मिनिटाला ६ लिटर, बेसिनला ते भरपूर झालं. तीस सेकंद लागत असतील तर दुकानात तसं सांगा, कमी दाबावर चालणारा नळ मागा.

मापांबद्दल मेसेज अवाक्षर काढत नाही, आणि माझ्याकडे परत येणारे नळ सर्वात जास्त मापामुळेच येतात. बेसिनचं भोक बहुधा ३५ मिलिमीटरचं असतं, तरी मोजून या. ओट्यावर ठेवायच्या बेसिनला उंच नळ लागतो. धार बेसिनमधून पाणी खाली जातं त्या भोकाजवळ पडली पाहिजे. ती मागच्या भिंतीवर पडली तर हात धुताना बोटं चिनीमातीला घासतात, आणि उतारावर पडली तर पाणी बाहेर उडतं. नळाचं तोंड बेसिनच्या काठाच्या वर असायलाच हवं, नाहीतर तुंबलेलं घाण पाणी उलटं ओढलं जाण्याचा धोका राहतो.

शेवटचा सल्ला, टेप आणि करकचून आवळणं. कनेक्शन पाइपच्या नटमध्ये रबरी वॉशर असतो आणि तिथलं पाणी तोच अडवतो. तिथे टेप लावली तर नट वाकडा बसतो आणि गळतो. टेप लागते ती अँगल कॉक (बेसिनखालचा, पाणी बंद करायचा छोटा कॉक) भिंतीतल्या एल्बोत (पाइपाच्या कोपरात) जातो त्या आट्यांना, आणि तिथेही आटे ज्या दिशेने घट्ट होतात त्याच दिशेने, आट्यांची नक्षी अंधूक दिसत राहील इतकीच. वेढे चढवत गेलं आणि लांब पान्याने रेटलं की भिंतीतला सीपीव्हीसी प्लास्टिकचा एल्बो चिरतो. ती चीर आपल्याला दिसत नाही, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला पिवळा डाग पडतो तेव्हा कळते. मग टाइल फोडायची, आणि सोसायटीच्या सभेत वर्षभर तोच विषय.

नळ स्वतः बसवायला माझी हरकत नाही. अँगल कॉक बंद करा, जुना नळ काढा, पाइपाचं तोंड बादलीत धरून कॉक उघडा, पाणी मिनिटभर जोरात जाऊ द्या आणि कॉक पुन्हा बंद करा. हे एक मिनिट कुणी देत नाही आणि सिरॅमिकच्या चकत्या तिथेच मरतात. नळाच्या बुडाखाली दिलेली रबरी रिंग लावा. पांढरं सिमेंट थापू नका, पुढे नळ काढताना बेसिनच फुटतं. खालचा नट हाताने पूर्ण फिरवून वर पाव-अर्धं वळण पान्याने द्या. गरम डावीकडे, गार उजवीकडे. मग प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवून रात्र जाऊ द्या.

त्या शिक्षिकांच्या सोसायटीला बोअरचं पाणी आहे. त्यांना मी रबरी वॉशरचा, पितळेचा, जुन्या नळापेक्षा हाताला हलकाच लागणारा पिलर कॉक दिला आणि दोन सुटे वॉशर पिशवीत टाकले. बसवला त्यांच्या भाच्याने. चार दिवसांनी बाईंचा फोन आला, जाळी उघडली तर चमचाभर रेती निघाली, सेक्रेटरींना सांगून टाकी धुवायला माणूस बोलावला आहे.