‘सिग्नल’बद्दल थोडं सविस्तर

‘सिग्नल’ ही कोरियन मालिका पुन्हा एकदा पाहून संपवली आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. पोस्ट लांब आहे. स्पॉयलर भरपूर आहेत, त्यामुळे ज्यांना पाहायची आहे त्यांनी इथेच थांबा, आधी पाहून या, मग वाचा.

खुनाच्या मालिका आपण सगळेच पाहतो. त्यातल्या बऱ्याचशा खुन्याच्या प्रेमात पडलेल्या असतात. तो किती हुशार, त्याचं बालपण कसं गेलं, त्याच्या खोलीतल्या भिंतीवर काय चिकटवलंय. मेलेली बाई पहिल्या पाच मिनिटांत चादरीखाली जाते आणि पुन्हा कुणाला आठवत नाही. ‘सिग्नल’ मला इतकी जवळची वाटते कारण लेखिका किम उन-ही त्या बाईला विसरू देत नाहीत. ती कुठे काम करायची, कुणावर तिचा जीव होता, घरी तिची वाट कोण बघत होतं, हे सगळं आपल्याला कळत राहतं. खुनी सापडतो तेव्हा तो अगदी मामुली माणूस निघतो, आणि ते मला फार योग्य वाटतं.

गोष्ट थोडक्यात. मालिका २०१६ च्या जानेवारी ते मार्चमध्ये टीव्हीएन वाहिनीवर आली, एकूण १६ भाग. २०१५ साली पार्क हे-योंग या तरुण प्रोफायलरच्या, म्हणजे गुन्हेगाराच्या वागण्यावरून त्याचा माग काढणाऱ्या पोलिसाच्या हाती एक जुना वॉकीटॉकी लागतो. आत बॅटरीही नाही, तरी रात्री ११ वाजून २३ मिनिटांनी तो बोलायला लागतो. पलीकडे ली जे-हान नावाचा डिटेक्टिव्ह, भूतकाळातून बोलणारा, जो हे-योंगच्या काळात पंधरा वर्षं बेपत्ता आहे. आणि या दोघांच्या मधे चा सू-ह्योन. एकेकाळी जे-हानच्या हाताखाली नवखी म्हणून आलेली, आता जुन्या प्रकरणांच्या पथकाची प्रमुख, आणि एवढी वर्षं त्याला शोधणारी. बेवारस सांगाडा सापडला की ती बघायला जाते, जे-हानचा तर नाही ना म्हणून.

पहिलं प्रकरण शाळकरी मुलीच्या अपहरणाचं आणि खुनाचं. तिला घेऊन जाणारी बाई होती हे एका लहान मुलानं पाहिलेलं असतं, पण पोलीस ठाण्यात त्याचं कुणी ऐकून घेत नाही. तो मुलगा म्हणजे हे-योंग. पंधरा वर्षांनी तो पोलीस होऊन समोर उभा आहे, आणि खुनाच्या खटल्याची मुदत मध्यरात्री संपणार आहे. त्या मुलीची आई ठाण्यात बसलेली. घड्याळ पुढे सरकतंय, चौकशीच्या खोलीत मुलीला पळवणारी ती बाई, एक नर्स, शांत बसलीय, कारण तिला माहीत आहे की बारा वाजले की कायदा तिला हात लावू शकणार नाही. मला त्या दृश्यात नर्सकडे बघवतच नव्हतं, मी आईकडे बघत होते.

हे घड्याळ लेखिकेनं मनानं रचलेलं नाही. दक्षिण कोरियात खुनाच्या गुन्ह्यालाही मुदत होती, आधी १५ वर्षं, २००७ मध्ये ती २५ झाली. १९९९ च्या मे महिन्यात देगू शहरात किम ते-वान या सहा वर्षांच्या मुलावर कुणीतरी ॲसिड टाकलं. ४९ दिवस झुंजून तो गेला. त्याच्या आईवडिलांनी प्रकरण बंद होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं दारं ठोठावली. अखेर जुलै २०१५ मध्ये संसदेनं खुनाची मुदत रद्द केली. लोक त्या कायद्याला ‘ते-वान कायदा’ म्हणतात. पण ते-वानच्या प्रकरणाची मुदत तोवर संपलेली होती, त्यामुळे त्याच्याच आईला त्या कायद्याचा उपयोग झाला नाही. यानंतर अवघ्या सहा महिन्यांनी ‘सिग्नल’ पडद्यावर आली. तिथल्या प्रेक्षकांनी तो पहिला भाग कसा पाहिला असेल, याचा विचार करून बघा.

आपल्याकडे खुनाला अशी मुदत नाही. फौजदारी कायद्यातली कालमर्यादा तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांनाच लागू होते. म्हणून सुरुवातीला हा मुद्दा आपल्याला परका वाटू शकतो. पण फाईल कपाटात पडून राहते, तपास अधिकारी बदलतो, निवृत्त होतो, साक्षीदार मरतात. हे आपल्याला परकं आहे का?

आता मालिकेतल्या दक्षिण ग्योंगीच्या खुनांबद्दल. या प्रकरणामागे ह्वासोंगचे खरे खून आहेत. सप्टेंबर १९८६ ते एप्रिल १९९१ या काळात सोलच्या दक्षिणेकडच्या या ग्रामीण भागात दहा जणींचे खून झाले. सगळ्यात लहान मुलगी तेरा वर्षांची, सगळ्यात वयस्कर बाई एकाहत्तर वर्षांची. वीस हजारांहून जास्त लोकांची चौकशी झाली, तरी खुनी सापडला नाही आणि २००६ मध्ये शेवटच्या खुनाचीही मुदत संपली. मालिकेत जे-हान १९८९ साली याच खुनांच्या बंदोबस्तावर आहे. हे-योंग त्याला वॉकीटॉकीवरून पुढचं ठिकाण सांगतो, एका बाईचा जीव वाचतो, २०१५ मधल्या फाईलमधली अक्षरं डोळ्यांसमोर बदलतात. आणि मग खुनी वेगळी जागा, वेगळी बाई निवडतो. ती निघते वॉन-ग्योंग, सरकारी कचेरीत काम करणारी मुलगी, जिच्यावर जे-हानचं मनापासून प्रेम आहे आणि जिच्याशी धड बोलायचं धाडसही त्याला होत नाही.

ती गेल्यावर त्याच्या हाती सिनेमाची तिकिटं येतात, तिनं दोघांसाठी काढलेली. तो एकटाच जातो. सिनेमा विनोदी आहे, सगळं थिएटर हसतंय आणि हा धिप्पाड माणूस खुर्चीत बसून रडतोय. एकही संवाद नाही. खुनाच्या मालिकेत खुनानंतर काय होतं हे इतकं खरं मी क्वचितच पाहिलंय. अनेकांना हे दृश्य ताणलेलं वाटतं असं ऐकलंय. मला ते ताणलेलं वाटत नाही, उलट त्याला तेवढा वेळ द्यायलाच हवा होता.

मालिका संपल्यावर तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, जपून ठेवलेल्या पुराव्यांवरच्या डीएनएमुळे ह्वासोंगचा खुनी सापडला. ली चुन-जे. तो १९९४ मध्ये मेहुणीवर बलात्कार करून तिचा खून केल्याबद्दल आधीपासूनच जन्मठेप भोगत होता. त्यानं एकूण चौदा खुनांची कबुली दिली, पण मुदत संपलेली असल्यामुळे ह्वासोंगच्या खुनांसाठी त्याच्यावर खटला चालू शकला नाही. आणि त्यातून जे बाहेर आलं ते वाचून मी सुन्न झाले. आठव्या खुनासाठी पोलिसांनी १९८९ मध्ये युन सोंग-यो या तरुणाला पकडलं होतं. पोलिओमुळे त्याचा पाय अधू. झोपू न देता, मारहाण करून त्याच्याकडून कबुली घेतली होती. वीस वर्षं तो तुरुंगात होता. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयानं त्याला निर्दोष ठरवलं आणि त्याची माफी मागितली. १९८९ मध्येच बेपत्ता म्हणून नोंदलेल्या एका शाळकरी मुलीचाही खून झाला होता हे कबुलीतून कळलं. तिचे अवशेष तेव्हाच मिळाले होते आणि पोलिसांनी ते दडवले होते, असं पुढच्या चौकशीत दिसून आलं.

‘सिग्नल’मधले वरचे अधिकारी पुरावे दडवतात, निरपराध माणसाला अडकवतात, तेव्हा काही प्रेक्षक म्हणाले होते की हे जरा अतीच झालं. नाही, अती झालेलं नव्हतं. २०१९ च्या शेवटी पोलिसांनी या प्रकरणाच्या नावातून ‘ह्वासोंग’ हा शब्दही काढला आणि तिथे खुन्याचं नाव घातलं, कारण तिथल्या लोकांना तीस वर्षं आपल्या गावाचं नाव त्या खुनांसोबत ऐकावं लागत होतं.

पुलाच्या प्रकरणावर मी वेगळी पोस्ट लिहू शकेन. २१ ऑक्टोबर १९९४ च्या सकाळी सोलमध्ये हान नदीवरचा सोंगसू पूल मधोमध कोसळला, ३२ माणसं गेली, त्यात शाळेला निघालेल्या मुली होत्या. पूल १९७९ चा, म्हणजे जेमतेम पंधरा वर्षांचा. जोडकामातले दोष आणि देखभालीकडे दुर्लक्ष. मालिकेत पुलाचं नाव बदललंय. तिथे एका जुन्या चोराची मुलगी जाते, कारण सुटका करणारे आधी श्रीमंत बापाच्या मुलीकडे वळतात. मुळात ज्या चोऱ्यांसाठी त्या माणसाला पकडलेलं असतं त्या केलेल्या असतात एका बड्या घरातल्या मुलानं. याच प्रकरणात जे-हान वॉकीटॉकीवर विचारतो की तुमच्याकडेही असंच आहे का, पैसा आणि ओळखी असल्या की काहीही करून सुटता येतं का, वीस वर्षांनी काहीतरी बदललं असेल ना. मालिका आली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या महाडला सावित्रीवरचा पूल एसटी गाड्यांसकट वाहून गेला. मी ते दृश्य पाहताना दुसरं काही आठवूच शकत नव्हते.

होंगवॉन-दोंग या वस्तीतल्या खुनांच्या प्रकरणात सू-ह्योन स्वतः खुन्याच्या तावडीतून सुटलेली आहे. डोक्यावर काळी प्लास्टिकची पिशवी, तशीच ती पळत सुटते. पुढे ती कर्तबगार अधिकारी होते, पण ती भीती गेलेली नाही, आणि मालिका तिला ‘सावरलेली’ दाखवायची घाई करत नाही.

आणि मालिकेतल्या इन्जू गावचं प्रकरण. हे २००४ मध्ये मिर्यांग शहरात घडलेल्या खऱ्या घटनेवरून घेतलंय. तिथे शाळकरी मुलांच्या टोळीनं एका मुलीवर अनेक महिने अत्याचार केले आणि त्यातल्या एकालाही फौजदारी शिक्षा झाली नाही. मालिकेत गावातल्या वजनदार घरांची पोरं सुटतात आणि तिला मदत करणारा हे-योंगचा मोठा भाऊ म्होरक्या ठरवला जातो. भाऊ जातो, घर मोडतं, लहान हे-योंग एकटा पडतो. एका संध्याकाळी तो डुकराचं मांस भाजून देणाऱ्या खानावळीत शिरतो आणि ओमुराइस मागतो, म्हणजे अंड्यात गुंडाळलेला भात, जो तिथे मिळतच नाही. मालकीण तरीही करून देते, त्या दिवशी आणि नंतरही. मोठा झाल्यावर त्याला कळतं की त्यामागे जे-हान होता. पैसे आगाऊ देऊन ठेवलेले, पोराला उपाशी ठेवू नका एवढंच सांगितलेलं. वॉकीटॉकीवरच्या या दोन माणसांची भेट कधीच झालेली नाही असं आपण समजत असतो, आणि एकानं दुसऱ्याचं लहानपण सांभाळलेलं असतं. मला हे प्रकरण सगळ्यात जास्त आवडतं. काळ उलटापालटा करण्याच्या सगळ्या करामतींपेक्षा मी त्या ताटाला जास्त मानते.

तक्रारीही आहेत. काळ बदलण्याचे नियम मालिका सोयीनं वाकवते: कुणाला जुनं आठवतं, कुणाला नाही, याचा धड हिशोब लागत नाही. किम बम-जू हा भ्रष्ट अधिकारी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच सुरात बोलतो, त्याच्यापेक्षा दुसरा अधिकारी आन ची-सू कितीतरी चांगला लिहिलाय, कारण त्याच्या पापामागे त्याची आजारी मुलगी आहे आणि तरीही लेखिका त्याला माफ करत नाहीत. शेवटचा भाग बऱ्याच गोष्टी अर्धवट सोडतो.

हिंदीत २०२४ मध्ये ‘ग्यारह ग्यारह’ आली, उत्तराखंडात घडणारी, तिथला वॉकीटॉकी ११ वाजून ११ मिनिटांनी बोलतो. राघव जुयाल, कृतिका कामरा, धैर्य करवा. कामं मनापासून केली आहेत. पण मूळ मालिकेतलं घड्याळ कोरियन कायद्याचं होतं, त्यामागे देगूची ती आई आणि ह्वासोंगची शेतं होती. ते उचलून इथे ठेवलं की कथानक येतं, वजन येत नाही. आपल्याकडची अशीच न सुटलेली प्रकरणं, आपल्याच कपाटांतल्या फाईली घेऊन कुणीतरी हे लिहायला हवं. मराठीत तर नक्कीच.

मूळ कोरियनच पाहा, सबटायटल्स लावून. डबिंगमध्ये जे-हानचा दमलेला, घोगरा आवाज हरवतो. आणि ज्यांनी पाहिली आहे त्यांनी कमेंटमध्ये सांगा: शेवटी हे-योंग आणि सू-ह्योन ज्या रुग्णालयाकडे निघाले आहेत, तिथे त्यांना जे-हान जिवंत भेटतो असं तुम्ही मानता का? मी मानते, आणि माझी कारणं खाली कमेंटमध्ये लिहिते आहे.