राज्यसभा आणि लोकसभेचे बहुमत : एका प्रतिक्रियेला उत्तर

राज्यसभेवाचून आपले संघराज्य नावापुरतेच उरेल, या माझ्या विधानावर आपण सविस्तर आक्षेप नोंदवला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. आपले म्हणणे थोडक्यात असे: राज्यसभा नावाला राज्यांची असली तरी प्रत्यक्षात ती पक्षांची आहे आणि निवडणुकीत पडलेल्या पुढाऱ्यांची सोय लावण्यापलीकडे तिचा उपयोग नाही, लोकांनी थेट निवडलेल्या लोकसभेचा निर्णय अशा सभागृहाने अडवणे लोकशाहीला धरून नाही, आणि १९८९ साली पंचायत राजचे विधेयक तिथेच पडले हा त्याचा पुरावा आहे, तेव्हा काही राज्यांनी विधान परिषदा मोडीत काढल्या तशी राज्यसभाही मोडीत काढावी.

यातील पक्षांविषयीचा भाग मला बव्हंशी मान्य आहे. किंबहुना आपण तो पुरेशा तपशिलात मांडला नाहीत, म्हणून मीच मांडतो. १० जून २०२२ रोजी महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागांसाठी सात उमेदवार रिंगणात होते. मतदार म्हणजे विधानसभेचे सदस्य. २८५ आमदारांनी मतदान केले, एक मत बाद ठरले, २८४ उरली. प्रत्येक मताचे मूल्य १०० धरून २८,४०० ला जागांहून एकाने जास्त, म्हणजे सातने भागायचे, अपूर्णांक सोडायचा आणि एक मिळवायचा. येणारा ४,०५८ हा आकडा म्हणजे विजयाचा कोटा, व्यवहारात ४१ मते. पहिल्या पसंतीची मते मोजली तेव्हा शिवसेनेचे संजय पवार ३३ वर होते आणि भाजपचे धनंजय महाडिक २७ वर. तरी निवडून आले महाडिक, कारण त्यांच्याच पक्षाचे पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते पडली होती आणि कोट्यावरची शिल्लक दुसऱ्या पसंतीच्या वाटेने महाडिकांच्या पारड्यात गेली. कोणत्या आमदाराने कोणाला कितवी पसंती द्यायची, हे गणित पक्षाने आधीच मांडून दिलेले असते. आणि पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पेटीत टाकण्यापूर्वी पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागत असल्यामुळे त्याला त्या गणितातून फारसे हलता येत नाही. त्या दिवशी बाद ठरलेले मतही मतपत्रिका दाखवण्याच्या पद्धतीवरच्या आक्षेपापायीच बाद झाले. या सगळ्यात महाराष्ट्राचे म्हणून एखादे मागणे कुठे येते, असे आपण विचारलेत तर ते मलाही दाखवता येणार नाही.

उघड मतदानाची ही तरतूद २००३ सालच्या दुरुस्तीने आली, आणि त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली जी मला अधिक खटकते. तोवर राज्यसभेचा उमेदवार त्या त्या राज्यातील मतदार असणे आवश्यक होते. आता तो देशातील कोणत्याही मतदारसंघातील मतदार असला की पुरे. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी या बदलाला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २००६ मध्ये फेटाळले. त्यामुळे २०२२ च्या त्याच निवडणुकीत उत्तर प्रदेशचे इमरान प्रतापगढी महाराष्ट्रातून खासदार होऊ शकले, आणि कायद्याने त्यात काहीच वावगे नाही. जुनी अटही पुष्कळदा कागदोपत्री पाळली जाई, हे मी जाणतो. मनमोहन सिंग आसामचे मतदार म्हणून नोंदलेले होते आणि तिथूनच निवडून येत असत. तरीही कागदावरची का होईना, ती अट परत यावी असे माझे मत आहे. जर्मनीत हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला आहे: तिथल्या वरिष्ठ सभागृहात राज्यांची सरकारेच बसतात आणि प्रत्येक राज्याला आपली सर्व मते एकगठ्ठा द्यावी लागतात. २००२ साली ब्रांडेनबुर्गच्या दोन प्रतिनिधींनी परस्परविरोधी मते दिली असताना ती होकारात धरली गेली, म्हणून स्थलांतरविषयक अख्खा कायदा तेथील घटना न्यायालयाने रद्द केला. आपल्या घटनाकारांनी तो मार्ग घेतला नाही.

पडलेल्यांची सोय लावण्याबद्दल मात्र एवढेच म्हणतो की, १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत मुंबईतून पडलेले एक उमेदवार त्याच वर्षी मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले आणि अखेरपर्यंत त्या सभागृहाचे सदस्य राहिले. त्यांचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पराभूत माणूस वरच्या सभागृहात येतो हा दोष मानायचा, तर ही नोंदही त्याच खात्यात टाकावी लागेल.

आता आपल्या मुख्य आक्षेपाकडे येतो. लोकसभेचे बहुमत म्हणजे लोकांचे मत, आणि त्याला अडवणे म्हणजे लोकांना अडवणे, असे आपण गृहीत धरले आहे. हे समीकरण आपल्या निवडणूक पद्धतीत बसत नाही. १९८४ साली काँग्रेसने ४०० हून अधिक जागा जिंकल्या तेव्हाही तिला निम्म्याहून कमी मते होती. २०१४ साली भाजपला २८२ जागा सुमारे ३१ टक्के मतांवर मिळाल्या. ही सरकारे पूर्णपणे वैध होती, यात वाद नाही. पण राज्यघटनेने चालणाऱ्या राज्यकारभारात सरकार चालवण्यासाठी पुरेसे असलेले बहुमत प्रत्येक गोष्टीसाठी पुरेसे मानलेले नसते. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही, तिचे एक-तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, आणि त्यांच्या जागी येणारे सदस्य त्या त्या वेळच्या विधानसभांनी निवडलेले असतात. म्हणजे कोणत्याही दिवशी त्या सभागृहात मागील काही वर्षांत वेगवेगळ्या राज्यांनी दिलेले कौल एकत्र बसलेले असतात, आणि दिल्लीतील एका लाटेला त्यांच्याशी बोलणी करावी लागतात. पक्षांतरबंदीमुळे सदस्य पक्षाच्या आदेशानेच मत देतो, हे दोन्ही सभागृहांना सारखेच लागू आहे. फरक पडतो तो सभागृहांतील पक्षबळ वेगळे असण्यामुळे.

याचा उपयोग कसा होतो ते पाहा. फेब्रुवारी १९९९ मध्ये केंद्राने बिहारमधील राबडीदेवींचे सरकार हटवून राष्ट्रपती राजवट लावली. घटनेच्या कलम ३५६ नुसार अशा घोषणेला दोन महिन्यांच्या आत संसदेच्या दोन्ही सभागृहांची मान्यता लागते. लोकसभेने मान्यता दिली. राज्यसभेत सरकारकडे संख्याबळ नव्हते आणि ते जमणार नाही हे उघड झाले, तेव्हा मार्चमध्ये घोषणा मागे घेऊन ते सरकार पुन्हा स्थापन करावे लागले. बिहारचे ते सरकार चांगले होते की वाईट, याच्याशी मला इथे कर्तव्य नाही. निवडून आलेले राज्य सरकार केवळ लोकसभेच्या बहुमताच्या बळावर घालवता येऊ नये, हा मुद्दा आहे, आणि आपण सुचवता त्या एकसभागृही संसदेत ते सहज घालवता आले असते.

दुसरे उदाहरण आपल्या खिशाशी निगडित आहे. वस्तू व सेवा कराची घटनादुरुस्ती लोकसभेने मे २०१५ मध्ये संमत केली. राज्यसभेने ते विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे तपासणीसाठी नेमलेल्या निवडक सदस्यांच्या समितीकडे पाठवले आणि ते ऑगस्ट २०१६ मध्ये संमत झाले. वर्षभर वाया गेले, असे त्या वेळी बरेच लिहिले गेले. पण दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचा. मूळ विधेयकात राज्यांच्या महसुलाची तूट संसद कायद्याने भरून देऊ शकेल, आणि ती मुदत पाच वर्षांपर्यंत असू शकेल, अशी सैल शब्दरचना होती. संमत झालेल्या मसुद्यात संसद पाच वर्षे भरपाई देईलच, असे बंधन आले. २०२० साली टाळेबंदीत कर आटला आणि भरपाईवरून केंद्र-राज्यांत जुंपली, तेव्हा महाराष्ट्रासह सर्व राज्यांच्या हातात हीच हमी होती. जकातीसारखे उत्पन्न कायमचे सोडून दिलेल्या राज्याला या फरकाची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आणि १९८९. पंचायत राजची चौसष्टावी घटनादुरुस्ती ऑक्टोबरमध्ये राज्यसभेत आवश्यक बहुमताअभावी पडली, हे खरे. निवडणुका तोंडावर होत्या आणि विरोध करणाऱ्यांचे हेतू सोवळे नव्हते, हेही खरे. मात्र त्या विधेयकात पंचायतींच्या निवडणुका केंद्रीय निवडणूक आयोगाकडे सोपवल्या होत्या. १९९२ साली संमत झालेल्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीत त्या जागी राज्य निवडणूक आयोग आला, आणि तिला दोन्ही सभागृहांत सर्व बाजूंचा पाठिंबा मिळाला. आज आपल्या जिल्हा परिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तो याच तरतुदीमुळे. तीन वर्षांच्या विलंबाची ही फलश्रुती मला तरी महाग वाटत नाही.

मला खरी चिंता वाटते ती राज्यसभा अडवते याची नसून तिला वगळून पुढे जाता येते याची. धनविधेयकावर, म्हणजे केवळ कर आणि सरकारी खर्च यांसारख्या बाबींच्या विधेयकावर, तिला फक्त चौदा दिवस मिळतात आणि तिच्या शिफारशी लोकसभेवर बंधनकारक नसतात. एखादे विधेयक धनविधेयक आहे की नाही, हे लोकसभेचे अध्यक्ष ठरवतात. २०१६ चा आधार कायदा याच वाटेने गेला आणि राज्यसभेने सुचवलेल्या दुरुस्त्या लोकसभेने फेटाळल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते बहुमताने ग्राह्य धरले, न्या. चंद्रचूड यांनी आपल्या भिन्न मतात त्याला राज्यघटनेची फसवणूक म्हटले, आणि २०१९ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. लोकसभेला अडथळा होतो ही तक्रार या पार्श्वभूमीवर थोडी जुनी झाली आहे.

राहिला विधान परिषदेचा दाखला. विधानसभेने विशेष बहुमताने ठराव केला की संसद साध्या कायद्याने परिषद बंद किंवा सुरू करू शकते, अशी सोय कलम १६९ मध्ये आहे. म्हणूनच आंध्र प्रदेशाची परिषद १९८५ मध्ये गेली आणि २००७ मध्ये परत आली, तर तामिळनाडूची १९८६ मध्ये गेली. राज्यसभेसाठी असे कलम घटनेत नाही. संसदेतील राज्यांच्या प्रतिनिधित्वात बदल करणाऱ्या दुरुस्तीला दोन्ही सभागृहांत स्वतंत्रपणे दोन-तृतीयांश मते आणि शिवाय निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. दोन सभागृहांत मतभेद झाला तर एरवी उपलब्ध असलेली संयुक्त बैठकीची वाट घटनादुरुस्तीला बंद आहे. त्यातून पार पडलेली दुरुस्तीही केशवानंद भारती (घटनेची मूलभूत चौकट दुरुस्तीनेही मोडता येत नाही, असे सांगणारा) आणि बोम्मई या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर न्यायालयात टिकवावी लागेल, कारण संघराज्य हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग असल्याचे बोम्मई खटल्यात १९९४ सालीच म्हटले गेले आहे. आपल्या सूचनेचे विधेयक कोणी आणलेच, तर ते राज्यसभेतूनच संमत करून घ्यावे लागेल.