कालात्राव्हाचं प्रदर्शन, आणि दुरुस्तीची बिलं

आर्किटेक्टच्या प्रदर्शनांत मला एक गोष्ट कायम खटकते, तिथे पाऊस पडत नाही. मॉडेल पांढरंशुभ्र, वरून मस्त लाइट, आणि ओल्या चपला घालून चालणारं माणूस एकही नाही. सान्तियागो कालात्राव्हा या स्पॅनिश आर्किटेक्टचं २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये प्रदर्शन होतं, मॉडेलं, शिल्पं, ड्रॉइंग सगळं एकत्र, आणि खोटं कशाला बोलू, मी भारावूनच बाहेर पडले होते. आजही त्याची शिल्पं मला त्याच्या निम्म्या इमारतींपेक्षा जास्त आवडतात.

कारण शिल्पात लबाडी चालत नाही. घनावर घन तिरपे रचलेले, बारीक तारांनी ताणून धरलेले, एक तार तुटली की खेळ खल्लास. हा माणूस झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंगही शिकलाय, भार कुठून कुठे जातो हे त्याला नीट कळतं. सेव्हिलचा आलामिल्यो पूल (१९९२) अशाच एका शिल्पातून निघाला: एकच खांब, मागे झुकलेला, केबल्स फक्त पुलाच्या बाजूला, मागून ओढून धरायला काहीच नाही, खांबाचं वजनच पूल तोलतं. स्वीडनमधल्या माल्मोचा टर्निंग टॉर्सो हा टॉवरही तसाच, १९० मीटर उंच आणि वर जाता जाता ९० अंशात पिळलेला. न्यूयॉर्कसाठी केलेला घनांचा ८० साउथ स्ट्रीट टॉवर तर कधी बांधलाच गेला नाही, म्हणूनच बहुतेक तो अजून इतका सुंदर वाटतो :)

भानगड होते ती माणसं आत आली की. व्हेनिसमध्ये, म्हणजे चहूकडे पाणीच पाणी, तिथल्या पुलाला (२००८) याने काचेच्या पायऱ्या दिल्या! लोक घसरून पडले, २०१९ मध्ये कोर्टाने त्याला ७८ हजार युरोंचा दंड केला, शेवटी काच काढून दगड बसवायचं ठरलं. बिलबाओच्या पुलावर काचेवर चक्क कार्पेट अंथरावं लागलं. आमच्या रत्नागिरीच्या कुठल्याही गवंड्याने आधी विचारलं असतं, पाणी कुठे जाणार?

जर्सीहून पाथ ट्रेनने न्यूयॉर्कला येणाऱ्या आपल्या मंडळींना ऑक्युलस, म्हणजे वर्ल्ड ट्रेड सेंटरचं त्याने केलेलं स्टेशन, माहीतच आहे. मूळ डिझाइनमध्ये त्याचे पंख हलणार होते, ते गेलं, खर्च मात्र चार अब्ज डॉलरच्या आसपास पोचला आणि वरची खिडकी नंतर गळलीच. पण घाईतली माणसंही तिथे मान वर करतात, हे श्रेय त्याचंच.

कलेला बिलात मोजू नका म्हणणारे येतीलच. शिल्पाला नाही मोजत हो, पण लोकांच्या पैशाने बांधलेल्या पुलाला का नाही? माझं म्हणणं एवढंच, पुढच्या प्रदर्शनात मॉडेलशेजारी दुरुस्तीची फाइलही ठेवा, मला तरी ती त्याने जलरंगात काढलेल्या बैलांपेक्षा जास्त वेळ वाचायला आवडेल.

त्यानेच केलेल्या मिलवॉकीच्या आर्ट म्युझियमचे हलते पंख अजून बघायचे राहिलेत, वारा वाढला की ते आपोआप मिटतात म्हणे. तिकडे कुणी राहत असेल तर सांगा, हिवाळ्यात यायला अर्थ आहे का?