खायला काळ, भिंतीला भार

सेल संपत आला की भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बहुधा नवाच्या आकड्यापाशी अडतो. तिथे तो आडवा असतो, वर उचलायला सगळ्यात जास्त जोर लागतो. मग जागच्या जागी थरथरत बसतो. म्हणून घड्याळ चालवायला सेलही नको आणि प्लगपर्यंत लोंबणारी वायरही नको, असं म्हणणाऱ्यांच्या पक्षात मी आहे. पक्षाचं काम मात्र सोपं नाही.

क्वार्ट्झ घड्याळ, म्हणजे आपलं नेहमीचं सेलवरचं घड्याळ, खातं किती? दीड व्होल्टवर सरासरी १५० मायक्रोअँपिअर (म्हणजे ०.१५ मिलिअँपिअर) करंट धरा. इतका अल्पाहारी पाहुणा शोधून सापडायचा नाही. पण त्याला दर सेकंदाला एक घास लागतो, तोही रात्रभर. खरी गोम तिथेच आहे.

लिंबात तांबं आणि जस्त खुपसणाऱ्यांनी जरा थांबावं. एका लिंबाला जेमतेम ०.९ व्होल्ट मिळतात, आणि वीज लिंबाची नसतेच, झिजणाऱ्या जस्ताची असते. म्हणजे तोही सेलच, फक्त सडणारा.

राहिली सोलर पट्टी. ८ तासांच्या उजेडात दिवसभराचं कमवायचं तर निदान अर्धा मिलिअँपिअर हवा. कॅल्क्युलेटरची पट्टी खोलीतल्या उजेडात त्याच्या जवळपासही जात नाही. २ व्होल्ट, २० मिलिअँपिअरची छोटी पट्टी खिडकीच्या काचेला लावा. हो, वायर आलीच. पण ही आपल्या पक्षाची.

उरलेल्या १६ तासांची बेगमी सुपरकपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या डबीत; तिची साठवण फॅरडमध्ये मोजतात. १.७ वरून १.२ व्होल्टपर्यंत उतरताना एवढं पुरवायला सुमारे १७ फॅरड लागतात, म्हणून २.७ व्होल्टचे, १० फॅरडचे दोन, समांतर. पट्टी आणि त्यांच्यामध्ये शॉट्की डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा दरवाजा, घाला, नाहीतर दिवसाची कमाई रात्री पट्टीतूनच गळते. कपॅसिटरला समांतर एक लाल एलईडी जोडा, १.७ व्होल्टच्या आसपास तो जास्तीचा करंट गिळू लागतो आणि घड्याळाला भर उन्हात अजीर्ण होत नाही.

जोडणीला, घड्याळातल्या सेलच्या जागी, खोटा सेल: १४ मिमी जाड, ५० मिमी लांब लाकडी दांडा, दोन्ही टोकांना पितळी स्क्रू, त्यांना सोल्डर केलेल्या वायरी कपॅसिटरकडे. दोन्ही स्क्रू आत भिडले की शॉर्टसर्किट. स्प्रिंगकडची बाजू ऋण.

थेट ऊन नसेल तर रिकामे कपॅसिटर पट्टीवर भरायला दोन दिवसही जाऊ शकतात. धीर नसेल तर ४७ ओहमच्या रेझिस्टरमधून तासभर एक चांगला सेल कपॅसिटरला जोडा. तो दुसऱ्या खोलीतल्या घड्याळातून काढावा, आणि परत बसवल्यावर ते घड्याळ आठवणीने तासभर पुढे करावं.