गेलिक किनाऱ्याची नावं: 'नकाशात सगळं आहे' म्हणणाऱ्यांना

"स्कॉटलंड-आयर्लंडच्या किनाऱ्यावरची गेलिक नावं सर्व्हेवाल्यांनी एकोणिसाव्या शतकातच टिपली. अर्थ शब्दकोशात मिळतात, भाषा मेल्यातच जमा आहे आणि स्पेलिंगवाचून कुणाचं अडत नाही. मग आता नव्याने नोंदी कशाला?" गेलिक म्हणजे स्कॉटलंड-आयर्लंडच्या मूळ भाषा, आणि त्यांतल्या नावांबद्दलचा हा युक्तिवाद हल्ली बराच फिरतोय. एकेक मुद्दा घेऊ.

नोंदी झाल्या, हे खरं. स्कॉटलंडमध्ये ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याच्या 'नेम बुक्स'मध्ये (नावांच्या नोंदवह्यांमध्ये) नावाची वेगवेगळी स्पेलिंगं, ती कुणी सांगितली आणि जागेचं वर्णन, असे रकाने आहेत. पण 'कुणी सांगितली' हा रकाना जरा वाचावा. वजन जमीनदाराच्या, पाद्रीबुवांच्या, शाळामास्तरच्या शब्दाला. खडक चुकवत होडी हाकणाऱ्याला विचारणार कोण? ओहोटीला तेवढा उघडा पडणारा खडक किंवा एकच होडी शिरेल अशी घळ, यांची कितीतरी नावं तर कागदावर आलीच नाहीत.

अर्थ शब्दकोशात मिळतात म्हणे! स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांवर गेलिकखाली नॉर्सचा, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेचा थर आहे. स्काय बेटावरचं ऊइग हे नाव नॉर्स 'वीक'वरून आलं, आणि 'वीक' म्हणजेच इंग्रजी 'बे', छोटा उपसागर. म्हणजे नकाशावरचं 'ऊइग बे' हे पिवळं पितांबर झालं. सेंट किल्डा या बेटांची तर आणखी मजा: किल्डा नावाचा संत कधी झालाच नाही. अर्थात गावकरी सांगतात ते अर्थही सगळे खरे नसतात. पुष्कळदा नाव आधीचं आणि त्याची गोष्ट मागाहून रचलेली. म्हणूनच अर्थासोबत तो कुणी सांगितला, कधी सांगितला आणि उच्चार कसा केला, हेही टिपायचं असतं. ते काम शब्दकोशाचं नव्हे.

भाषा मेली? २०२२च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये सुमारे १ लाख ३० हजार लोकांनी थोडंफार गेलिक येतं असं सांगितलं. २०११मध्ये हा आकडा ८७ हजार होता. मात्र बाह्य हेब्रिडीजमध्ये गेलिक बोलणारे निम्म्याहून कमी उरलेत. खडकांची नावं ठाऊक असलेली माणसं तिथली, ग्लासगो शहरात वर्गात बसून गेलिक शिकणारी नव्हेत. घाई आहे ती एवढ्यासाठी.

आता स्पेलिंग. आयोना हे स्कॉटलंडमधल्या बेटाचं जगप्रसिद्ध नावच मुळात वाचनातली चूक आहे. जुन्या लॅटिन हस्तलिखितातल्या 'इओवा'मधला (Ioua) 'यू' कुणीतरी 'एन' वाचला आणि तोच कायम झाला. उत्तर स्कॉटलंडमधल्या सदरलँडच्या किनाऱ्याजवळच्या 'एलन नन रोन'मध्ये 'नन'मुळे अनेकवचन कळतं: सीलचं नव्हे, सीलांचं बेट. आणि कुणाचं अडत नाही म्हणता, तर आयर्लंडमधल्या डिंगल बंदराचं बघा. २००५मध्ये सरकारी आदेशाने त्याचं अधिकृत नाव फक्त गेलिक 'अन डँगन' झालं. त्याच नावाचं दुसरं गाव ऑफली परगण्यात आधीच होतं, शिवाय 'डिंगल' या इंग्रजी नावावर पर्यटनाचा धंदा उभा. गावकऱ्यांनी २००६मध्ये मतदान करून इंग्रजी 'डिंगल' आणि गेलिक 'डँगन ई खूश' ही जोडी मागितली. ती मिळायला २०११ उजाडलं, आणि त्यासाठी कायदा बदलावा लागला.