‘पैसे पाण्यात गेले’ या अभिप्रायाला आमच्या स्टुडिओचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही आम्हाला दोन तारे दिलेत आणि विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी अंकाबद्दल मोकळेपणानं लिहिलंत. मुखपृष्ठावर कुलगुरू नाहीत, दीक्षान्त समारंभ नाही, ‘कुठल्यातरी शेतातली बाई’ आहे. कागद चकचकीत नाही. आत पानंच्या पानं रिकामी सोडली आहेत. तुमच्या बॅचच्या स्नेहसंमेलनाचे फोटो पाठवले, त्यातला एकही छापला नाही. दिवाळीत येणारा अंक जानेवारीत आला. थोडक्यात, पैसे पाण्यात गेले. तुम्ही अंक शेवटच्या पानापर्यंत पाहिलात हे यातून दिसतं, म्हणून मीही सविस्तर लिहिते.

आधी मुखपृष्ठ. त्यावरच्या ताई तुमच्याच विद्यापीठाच्या माजी विद्यार्थिनी आहेत. सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी झाल्यावर त्या निफाडकडे परतल्या आणि आज स्वतःची द्राक्षबाग सांभाळतात. आतली आठ पानं त्यांच्यावर आहेत. पहिल्याच बैठकीत मी संपादक मंडळाला विचारलं होतं, हा अंक पोस्टमननं टाकला की तो उचलणार कोण? विद्यापीठ सोडून पंचवीस-तीस वर्षं झालेला माणूस. तो पुण्यात असेल, नांदगावात असेल, दुबईत असेल. आजचे कुलगुरू त्याला माहीत नसतात. व्यासपीठ, समई आणि शाली पाहिल्या की तो हा कार्यालयाचा अहवाल समजून बाजूला ठेवतो. आपल्यासारखाच इथून शिकून गेलेला कुणीतरी आज काय करतोय, हे पाहायला मात्र तो पान उलटतो. कुलगुरूंचं मनोगत तिसऱ्या पानावर, फोटोसह, पूर्ण मानानं आहे. मुखपृष्ठ मंडळानं एकमतानं मंजूर केलं.

असे अंक फाइलसाठीही निघतात, हे तुम्हालाही ठाऊक असेल. विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग मोजला जात आला आहे, त्यामुळे नॅकच्या समित्या येण्याआधी घाईनं अंक काढले जातात आणि त्यांत पाहुण्यांचे सत्कार भरलेले असतात. तसा अंक आम्हाला करायचा नव्हता आणि विद्यापीठालाही नको होता.

मुखपृष्ठावरचा फोटो साधा दिसतो, पण सोपा नव्हता. द्राक्षाच्या मांडवाखाली उजेड पानांतून गाळून येतो आणि चेहऱ्यावर हिरवट झाक पडते. डोळ्यांना ती जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. म्हणून फोटोग्राफरनं ऊन चढायच्या आत, मांडवाच्या कडेला, उजेड परतवणारा पांढरा रिफ्लेक्टर धरून काम केलं. तरी उरलेली झाक रंगदुरुस्तीत काढावी लागली. वरचा भाग मुद्दाम मोकळा ठेवला, कारण अंकाचं नाव तिथे बसायचं होतं.

आता तुमचे फोटो. तुमचा खरा राग इथे आहे असं मला वाटतं आणि तो मी समजू शकते. इतक्या वर्षांनी साठ जण एकत्र आले, त्याची खूण अंकात हवीच. पण आमच्यापर्यंत आलेले फोटो व्हॉट्सअॅपवर फिरून लहान होऊन आले होते, रुंदी १२८० पिक्सेल. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे फोटो छापता आला असता सव्वाचार इंचांचा, जेमतेम ११ सेंटिमीटर. साठ जण तीन रांगांत उभे, एका रांगेत वीस. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण साडेपाच मिलिमीटर आणि त्यात चेहरा अडीच मिलिमीटरचा. या अंकासारख्या न चकाकणाऱ्या कागदावर आम्ही १३३ लाइनचा स्क्रीन वापरतो, म्हणजे इंचाला छपाईच्या ठिपक्यांच्या १३३ ओळी, तेव्हा प्रत्येक चेहऱ्याला आडवे १३ ठिपके मिळतात. तेरा ठिपक्यांत कुणाचीही आई आपला मुलगा ओळखू शकणार नाही. तो फोटो छापला असता तर साठ माणसांना आपण कुठे आहोत हे शोधत बसावं लागलं असतं.

म्हणून मंडळाशी बोलून आम्ही साठही नावं तुमच्या बॅचच्या वर्षाखाली छापली, सोबत प्रत्येकाचं गाव आणि काम एका ओळीत. ही बॅचवार टिपणं मी या अंकाचा कणा मानते. प्रिन्स्टन विद्यापीठाचं माजी विद्यार्थ्यांचं नियतकालिक १९०० पासून निघतं, हार्वर्डचं १८९८ पासून. दोन्हीकडे बॅचवार टिपणांना हक्काची जागा आहे आणि प्रिन्स्टनमध्ये ती प्रत्येक बॅचचा सचिव लिहितो. आपल्याकडे ही जागा बहुतेक वेळा जाहिराती खातात.

‘रिकाम्या’ पानांपैकी दोन श्रद्धांजलीची आहेत. गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची फक्त नावं, विषय आणि वर्ष. खालच्या अर्ध्या भागात जाहिरात घ्यावी अशी सूचना आली होती, मी ती स्पष्ट नाकारली. एखाद्या घरी ते पान जपून ठेवलं जाणार आहे. त्या नावांखाली बंगल्यांच्या स्कीमची जाहिरात मी कधीही लावणार नाही. बाकीची मोकळी जागा आतल्या समासाची. ६४ पानांचा अंक परफेक्ट बाइंडिंगचा आहे, पाठीला गोंद असतो, त्यामुळे तो सपाट उघडत नाही. आतला समास कमी ठेवला तर ओळींची टोकं खाचेत जातात आणि वाचणाऱ्याला अंक दाबून धरावा लागतो.

कागद मॅपलिथो, म्हणजे चकाकीचा थर नसलेला आहे, वजन १०० जीएसएम (चौरस मीटरला १०० ग्रॅम). चकचकीत आर्ट पेपरवर रंग उठून दिसतात हे खरं, पण ट्यूबलाइटखाली तो चमकतो आणि साठीपुढच्या वाचकाला पान तिरकं करत वाचावं लागतं. मॅपलिथोवर पेननं लिहिताही येतं. मित्राच्या नावापुढे फोन नंबर टिपून ठेवणारे लोक आमच्या वाचकांत खूप आहेत. या कागदात शाई मुरते आणि फोटो काळवंडतात, त्यामुळे जुन्या कृष्णधवल फोटोंच्या सावल्या आधीच उजळून घेतल्या.

उशिराबद्दल थोडक्यात. मजकूर श्रीलिपी आणि कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये, आज सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये आणि हातानं लिहिलेल्या कागदांवर आला. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना रफार सरकतात, ‘ऱ्या’ तुटतो, आडनावं बिघडतात. माणसाचं नाव आयुष्यात एकदाच छापून येणार असेल तर ते बरोबरच यायला हवं, म्हणून प्रुफं दोनदा मंडळाकडे गेली. त्यात टिपणांची मुदत मंडळानं वाढवली, परगावच्या लोकांना अंकाची बातमीच उशिरा कळली होती. तो निर्णय मला पटला होता. रकमेबद्दल मी इथे लिहू शकत नाही, तो विद्यापीठाचा आणि आमचा करार आहे. एवढं सांगते की कागद, छपाई, बाइंडिंग आणि टपाल यांचा खर्च वेगळा असतो, तो डिझाइनचा मोबदला नव्हे.

तारे तुम्ही बदलावेत अशी माझी अपेक्षा नाही. पुढच्या अंकात तुमच्या बॅचला एक पूर्ण पान द्यावं असा प्रस्ताव मी मंडळापुढे ठेवणार आहे आणि मजकूर तुम्हीच जमवावा अशी विनंती आहे. संमेलनाचे फोटो ज्यांच्या फोनमध्ये काढले त्यांच्याकडूनच मागवा आणि डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलनं पाठवा, फॉरवर्ड नको. कॉलेजच्या दिवसांतले कागदी फोटो असतील तर फारच छान. ते नाशिकमधल्या कॅनडा कॉर्नरच्या स्टुडिओत आणून द्या, आम्ही ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून लगेच परत करू. नावं डावीकडून उजवीकडे, रांगेप्रमाणे, वेगळ्या कागदावर लिहा. फोटोच्या मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलनं, हात न दाबता लिहा, बॉलपेननं लिहिलं की पुढच्या बाजूला ओळ उमटते.